रविवारी दोरीवर राहिलेलं धुणं

लुईस बेट, स्कॉटलंड
शनिवार, १० मार्च १९७९

प्रिय इशबेल,

काल तुझ्या आईला, आमच्या एफीमावशीला, माती दिली. फिनलेनं तुला फोनवर सांगितलं त्यापलीकडे तुला काही कळलेलं नसेल, म्हणून जमेल तसं नीट लिहिते आहे. कॅनडाहून तीन दिवसांत पोचणं तुला शक्य नव्हतं, हे इथं सगळ्यांना समजतं. कुणी वावगं बोललं नाही.

वारा फार होता, पाऊस नव्हता. पुरुषांनी आळीपाळीनं खांदा दिला, दफनभूमीपर्यंत एकदाही खाली न टेकवता नेलं. आम्ही बायका रीतीप्रमाणे दाराशीच थांबलो आणि वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो.

एफीमावशी शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी सकाळी पोस्टमन नॉर्मनला हाकेला उत्तर मिळालं नाही, तेव्हा त्यानं दार ढकललं. शुद्ध होती. स्टॉर्नोवेच्या हॉस्पिटलात नेलं, पण थंडी अंगात फार मुरली होती. छाती भरली आणि मंगळवारी सकाळी ती गेली. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ, मधे शब्बाथचा रविवार आला, आणि कुणाला कळलं नाही. याहून जास्त काय लिहू.

सोमवारी संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले होते. ती शांत होती, फारसं बोलली नाही.

कोंबड्या आमच्याकडे आणल्या आहेत. घराची किल्ली माझ्याकडे आहे. तू येईपर्यंत आठवड्यातून एकदा विस्तव पेटवीन, म्हणजे भिंतींना ओल धरणार नाही.

तुझी,
दोलिना


हॅमिल्टन, कॅनडा
बुधवार, २१ मार्च १९७९

प्रिय दोलिना,

तुझं पत्र मिळालं. कोंबड्या आणि किल्ली यांबद्दल आभार.

त्याच दिवशी नॉर्मनचंही पत्र आलं. त्यानं आयुष्यात कुणाला पत्र लिहिलं असेल असं मला वाटत नाही, दुसऱ्यांची वाटण्यातच त्याचा जन्म गेला. भाबडेपणानं लिहितो: ‘दोरीवरच्या चादरी आणि परकर गोठून पाटीसारखे कडक झाले होते, ते मी उतरवून आत ठेवले. तुमच्या आईला ते बाहेर राहिलेलं आवडलं नसतं.’

दोलिना, माझी आई शनिवारी चार वाजायच्या आत धुणं आत घ्यायची. चिमटेसुद्धा दोरीवर ठेवायची नाही. आपण दोघी लहान असताना तिनं आपल्याला अर्ध्या खेळातून उठवून चिमटे गोळा करायला लावलेलं तुला आठवत असेल. ती दोरी चर्चच्या रस्त्यापासून दहा पावलांवर आहे. गाव सकाळच्या प्रार्थनेला तिथून जातं आणि येतं, संध्याकाळी पुन्हा जातं आणि येतं. म्हणजे त्या रविवारी चार वेळा. शब्बाथला काम वर्ज्य, साऱ्या बेटावर कुणाच्या दोरीवर त्या दिवशी हातरुमाल दिसला नसता, आणि माझ्या आईच्या दोरीवर चादरी होत्या.

तू लिहितेस, कुणाला कळलं नाही. मग त्या चादरी पाहून तुम्हाला वाटलं तरी काय?

इशबेल


लुईस
शनिवार, ३१ मार्च १९७९

प्रिय इशबेल,

तू विचारलंस ते बरोबर आहे. मी आधीच लिहायला हवं होतं.

जानेवारीतली एक गोष्ट एफीमावशीनं तुला कळवली होती की नाही, मला ठाऊक नाही. तुमच्या शेजारचा मर्डो अंथरुणाला खिळलेला होता. एका रविवारी सकाळी त्यानं अंथरूण घाण केलं. मावशीनं त्याला पुसून कोरडं केलं, चादरी धुतल्या आणि आपल्या दोरीवर वाळत घातल्या. लोक प्रार्थनेहून परतत होते. दुसऱ्या दिवशी केनेथ मॅकरिची तिच्याकडे गेला. चर्चच्या वडीलजनांत तो सगळ्यांत कडक, पण मनानं दुष्ट नाही. मी तेव्हा तिथे अंडी घ्यायला गेले होते, म्हणून ऐकलेलं लिहिते.

तो म्हणाला, “एफी, धुणं हे दयेचं काम झालं. त्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. पण वाळत घालणं सोमवारपर्यंत थांबलं असतं.”

“म्हणजे धुतलं ते पुण्य आणि पिळून टांगलं ते पाप?”

“आत चुलीजवळ टाकता आलं असतं.”

“चुलीजवळ मर्डोचे पाय होते. तू येऊन झोपला असतास का ओल्या चादरीवर, त्याच्या जागी?”

“मी नियम सांगतोय, एफी.”

“सांग बाबा. आता एखाद्या रविवारी माझेच परकर टांगते. स्तोत्रं म्हणत जाताना तुमच्या डोळ्यांनाही काही काम नको का?”

मला हसू आवरेना. आठवड्याभरात सगळ्या गावानं ते वाक्य एकमेकांना सांगितलं. त्यानंतर मावशी चर्चला आली नाही. महिना झाला, पाच आठवडे झाले. तिची बाकावरची जागा रिकामी दिसायची आम्हाला सवय झाली. मधेच मर्डोला त्याच्या भाचीनं आपल्या घरी नेलं. त्यामुळे त्या शनिवारी-रविवारी शेजारही रिकामा होता.

म्हणून ४ मार्चला ते परकर दिसले तेव्हा आम्हाला वाटलं की ती बोलली तेच तिनं केलं. कुणीतरी म्हणालं, पाहू नका. आम्ही पाहिलं नाही. तिला लाजवायचं नव्हतं आणि चिडवायचंही नव्हतं. जे घडलं ते एवढंच आहे, आणि ते फार भयंकर आहे. पण त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं, यावर विश्वास ठेव.

तुझी,
दोलिना


हॅमिल्टन
बुधवार, ११ एप्रिल १९७९

दोलिना,

आम्हाला वाटलं. आम्ही पाहिलं नाही. आमच्या मनात वाईट नव्हतं. तू शाळेत व्याकरण शिकवतेस म्हणून विचारते, हे ‘आम्ही’ कोण? मी विचारलं होतं ते तुला.

आईच्या त्या परकरांवर मीही हसले असते. तिनं फोनवर मला ती गोष्ट सांगितली होती आणि मी इथे पोट धरून हसले होते. पण तू तिला चाळीस वर्षं ओळखत होतीस. आपल्या दोघींना न्हाऊ घातलं ते एकाच टबात. ती तोंडानं वाट्टेल ते बोलायची आणि हातानं कधीच करायची नाही, हे तुला ठाऊक नव्हतं?

आणि ‘कुणीतरी म्हणालं’. कोण म्हणालं?

मी पुन्हा विचारणार नाही. तुला लिहायचं नसेल तर किल्ली नॉर्मनकडे दे. मग आपल्यात काही राहिलं नाही असं मी समजेन.

इ.


लुईस
शनिवार, ५ मे १९७९

इशबेल,

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहून फाडली. त्यांतल्या प्रत्येकात मी खरी घटना लिहून शेवटी स्वतःची बाजू मांडली होती. या पत्रात ती नसेल असा प्रयत्न करते.

पाहू नका, असं मी म्हणाले.

सकाळी आम्ही सातआठ जण बरोबर चाललो होतो. अ‍ॅनाबेला पुढे होती. ती थांबून म्हणाली, “बोलली ते केलंनच म्हातारीनं.” कुणीतरी हसलं. तेव्हा मी म्हणाले, “पाहू नका. तिला तेवढंच हवंय.” शाळामास्तरीण बोलली म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. मला आठवतं, मला बरं वाटलं. आपण एका म्हातारीची चेष्टा थांबवली, असं वाटलं.

फिनलेनं मात्र पाहिलं. तो हळूच म्हणाला, “धुराड्यातून धूर नाही.”

मी म्हटलं, “आपण जाईपर्यंत बसली असेल आत दडून. चल.”

“मी डोकावून येतो.”

“चर्चच्या कपड्यांत? तिला वाटेल केनेथनं पाठवलं. राहू दे रे.” आणि मी त्याची बाही धरली. तो आला. माझा नवरा वाद घालत नाही, हे तुला माहीत आहे.

संध्याकाळी परतताना खिडकीत दिवा नव्हता. तेही मी पाहिलं. त्या वेळी मला कुठेतरी टोचलं, हे खरं आहे. मी पाऊलभर थांबलेसुद्धा. मग मनात आलं की उद्या शाळा सुटल्यावर अंडी घ्यायच्या निमित्तानं जाऊ, म्हणजे तिचा मान राहील. रविवारी कुणाच्या दारावर थाप मारली की लोक आता कोण वारलं म्हणून घाबरतात. हेही माझ्या मनात आलं. सबबी किती सुबक असतात.

सोमवारी सकाळी शाळेला जाण्याआधी मी डायरी लिहिली. शब्बाथला मी लिहीत नाही, म्हणून रविवारचं सोमवारी लिहिते. ते वाक्य तुला जसंच्या तसं देते: ‘कालचा दिवस चांगला गेला. मन शांत होतं.’ त्या वेळी नॉर्मन वरच्या आळीत टपाल वाटत होता.

गरजेची आणि दयेची कामं शब्बाथला करावीत, हे मी दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेते. एकही मूल चुकत नाही. पाळकसाहेबांकडे गेले होते. ते म्हणाले, “दोलिना, तुला ठाऊक नव्हतं.” मी म्हटलं, ठाऊक करून घ्यायला दहा पावलं चालावं लागणार होतं. त्यांनी चहा सांगितला. ते चांगले गृहस्थ आहेत. पण मला त्या दिवशी कुणीतरी रागावायला हवं होतं.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की ती फारसं बोलली नाही. ते खोटं होतं. सोमवारी संध्याकाळी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “पोरी, तुमची पावलं ऐकू येत होती गं. मी हाका मारल्या, पण आवाज फुटेना. मग म्हटलं, येताना कुणी डोकावेल.” नंतर म्हणाली, “संध्याकाळी तुम्ही भराभरा गेलात. थंडी होती ना.” रागाचा शब्द नव्हता. माझ्या वतीनं कारणसुद्धा तिनंच दिलं.

तुला दिलासा वाटावा असं एकच मी तिच्याकडून ऐकलं, ते सांगते. शनिवारी संध्याकाळी फोन वाजत होता म्हणे, थांबून थांबून पुन्हा. ती म्हणाली, “इशबेल होती. महिन्याचा पहिला शनिवार चुकवत नाही माझी मुलगी.” म्हणजे तुला तिची आठवण आहे, हे जमिनीवर पडल्या पडल्या तिला कळत होतं. हे तरी तुझ्याजवळ राहू दे.

किल्ली नॉर्मनकडे दिलेली नाही. तू पुन्हा सांगितलंस तर देईन.

दोलिना


हॅमिल्टन
गुरुवार, १७ मे १९७९

दोलिना,

दिलासा म्हणून तू जे लिहिलंस, ते वाचून मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. मुलगा शाळेतून आला आणि म्हणाला, आई, तू खाली का बसलीस? मी सांगितलं, चमचा पडलाय.

फोन मीच करत होते. माझ्याकडे दुपारचे दोन, तुमच्याकडे संध्याकाळचे सात. उचलला नाही. वाटलं, कोंबड्या कोंडायला गेली असेल. तीन वाजता केला, मग चारला, मग साडेपाचला. तोवर मला कळून चुकलं होतं की काहीतरी बिघडलंय. आई पहिल्या शनिवारी फोनजवळून हलत नाही. तुमच्या घरचा नंबर माझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे. तो लावायला हात उचलला, तेवढ्यात धाकटी जिन्यात पडली, रडारड झाली, तिला घेऊन बसले. पुन्हा फोनकडे आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती. बोटांवर तास मोजले. तुमच्याकडे बारा वाजून गेले होते. शब्बाथ लागला होता.

वीस वर्षं झाली मला बेट सोडून. मी इथे रविवारी कपडे धुते, मुलांना पोहायला नेते, दुकानात जाते. कशाचंही काही वाटत नाही. पण शब्बाथ लागल्यावर लुईसमधल्या घरी फोन करायला माझा हात झाला नाही. तुझा नवरा काय म्हणेल, आई ऐकून किती शरमेल, हे सगळं मनात आलं आणि मी फोन जागेवर ठेवला. रविवारचा सबंध दिवस मी त्याच्याकडे पाहत काढला. सोमवारी तुमची सकाळ झाली की करू, असं ठरवलं. त्याआधी फिनलेचा आला.

तू दहा पावलांवर होतीस. मी एका नंबरावर होते. दोन महिने मी तुला विचारत राहिले, तुला काय वाटलं, तुला काय वाटलं. आता तुला कळलं असेल का ते. तुझ्याकडे बोट दाखवत होते तोवर मला माझ्याकडे पाहावं लागत नव्हतं.

तुला क्षमा केली असं लिहायचा प्रयत्न केला. जमलं नाही. राग आहे, तुझ्यावर आहे आणि आईवरही आहे, तिनं ते परकरांचं बोलायला नको होतं. पण हे सगळं मी दुसऱ्या कुणाशी बोलू? माझा नवरा म्हणतो, “एवढंच ना, नियम मोडायचा आणि फोन करायचा.” त्याला काय सांगायचं.

किल्ली तुझ्याकडेच राहू दे.

मी एक ठरवलं आहे. रविवार, १० जूनला तुमच्या दुपारी दोन वाजता मी तुझ्या घरी फोन करीन. रविवारी, मुद्दाम. मला दुसऱ्या दिवशी चालणार नाही, का ते तुला मी समजावू शकत नाही. उचलायचा की नाही ते तू ठरव. नाही उचललास तर तुझ्यावर नवा राग धरणार नाही.

इशबेल


लुईस
सोमवार, ११ जून १९७९

प्रिय इशबेल,

काल आपण बोललो, तरी लिहायला बसले आहे, कारण फोनच्या या बाजूला काय झालं ते तुला दिसलं नाही.

तुझं पत्र मी फिनलेला दाखवलं नव्हतं. दोन आठवडे दाखवीन दाखवीन म्हणत होते. मी नाही उचलला तर त्याला काही कळायलाच नको, अशी वाट मी उघडी ठेवली होती. हे मला काल सकाळी चर्चमध्ये बसल्या बसल्या लक्षात आलं आणि स्वतःची किळस आली. तरीही घरी येऊन सांगितलं नाहीच.

आम्ही जेवत होतो. शनिवारचं सूप गरम केलेलं, गार मटण. फोन वाजला. पाच वर्षं झाली आमच्याकडे फोन येऊन, रविवारी तो कधी वाजला नव्हता. फिनलेचा चमचा हातातच राहिला.

“कोण गेलं?” तो म्हणाला.

“कुणी नाही. इशबेल आहे.”

“तुला कसं ठाऊक?”

“तिनं कळवलं होतं.”

“आज करीन म्हणून?”

“हो.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. फोन वाजतच होता. मी हाताखाली टेबल दाबून धरलं होतं. इशबेल, मला पाप वाटत नव्हतं, भीती वाटत होती. उचलला की तू बोलशील आणि मला ऐकावं लागेल. न उचलण्यासाठी एवढा सोज्वळ दिवस मला दुसरा मिळाला नसता. सातव्या-आठव्या घंटेपर्यंत मी तशीच बसले होते. तुला उशीर वाटला असेल तर त्याचं कारण हे.

फिनले म्हणाला, “तिथे कुणीतरी फोन हातात धरून उभं आहे ना?”

मग मी उठले.

पुढचं तुला ठाऊक आहे. तू ‘दोलिना’ म्हणालीस. पॅसेजमधे फोनजवळ बसायला काही नाही, मी भिंतीला टेकून उभी होते. तेव्हा फिनलेनं आतून आपली खुर्ची आणली आणि माझ्यामागे ठेवली. तू मधे विचारलंस, कसला आवाज झाला, आणि मी म्हटलं, काही नाही. तो आवाज त्याचा होता. स्वतः तो जिन्याच्या पायरीवर बसला, आणि तू काय बोलतेस ते ऐकू येत नसतानाही आपलं बोलणं संपेपर्यंत तिथेच बसून राहिला.

मी फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “धूर नाही हे मला दिसलं होतं.”

मी म्हटलं, मी तुला अडवलं.

“मी बावन्न वर्षांचा आहे,” तो म्हणाला. “वाटलं असतं तर गेलो असतो. मलाही सोपं वाटलं, तू अडवलंस ते.”

तीन महिन्यांत तो यावर एक शब्द बोलला नव्हता. मी माझ्या अपराधात इतकी बुडाले होते की त्याच्या मनात काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. एकाच घरात राहून हे असं झालं. सूप गार झालं, ते कुणी पुन्हा गरम केलं नाही. सहाच्या प्रार्थनेला निघायची वेळ होईपर्यंत आम्ही पॅसेजमधेच बसलो होतो, तो पायरीवर, मी खुर्चीवर.

तू शेवटी म्हणालीस, “राग गेलेला नाही हं.” मी म्हटलं, राहू दे. ते मनापासून म्हटलं. तो गेला तर तुझ्याकडून मला काहीच येणार नाही, अशी मला भीती आहे.

येत्या रविवारी मी करीन. तुमच्या सकाळी नऊ वाजता. फिनलेला सांगून ठेवलं आहे आणि केनेथच्या कानावरही मीच घालणार आहे, दुसऱ्या कुणाकडून जायच्या आधी. तुला उचलावंसं वाटलं नाही तर नको उचलूस. मी पुष्कळ वेळ वाजू देईन.

तुझी,
दोलिना